ओव्हाळ बाईंच्या चिठ्ठ्या

हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, की ओव्हाळ बाई पेन थांबवून एकदा दाराकडे बघत. खरं तर तिथे दार नव्हतं. तो एका अर्धवट इमारतीच्या तळघरातला वाहनतळ होता आणि गाड्यांसाठी केलेल्या उतारावरून जेवढा उजेड आत यायचा, तेवढाच आमचा. दोन-तीन सेकंद तिकडे बघून झालं, की त्या शेजारच्या मुलाला विचारत, "हलले का रे?" मूल म्हणायचं, "हलले." मग त्या नावापुढे 'हलले' असं लिहून बाई पुढचं नाव घेत. 'गेले' असं त्यांनी कधीच लिहिलं नाही. मी एकदा कारण विचारलं.

"गेले म्हटलं की लोक उठून दोन मिनिटं उभे राहतात," बाई म्हणाल्या. "मला अजून एकवीस नावं घ्यायची आहेत."

बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी एक संस्था अशा शाळा चालवत असे. आमची शाळा धानोरीच्या पुढे होती. बाई विश्रांतवाडीला राहायच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर घरी बसून कंटाळा आला म्हणून इथे आल्या, असं सगळ्यांना सांगायच्या. मी त्या संस्थेत नव्याने लागले होते. माझं काम म्हणजे देणगीदारांसाठी इंग्रजीत अहवाल लिहिणं आणि मुलांची माहिती संगणकात भरणं. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस मला कोथरूडहून स्कूटरवर धानोरीला जावं लागे. लोकांशी बोलावं लागणार नाही, म्हणून मी ही नोकरी घेतली होती.

पहिल्या दिवशी बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्या बुटक्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि साइटवर सक्तीचं असलेलं पिवळं हेल्मेट अंबाड्यामुळे थोडं पुढे झुकलेलं. हे हेल्मेट त्या वर्ग सुटेपर्यंत काढत नसत. वर नऊ मजले बांधून होत आहेत, त्यातली एखादी वीट आपल्या डोक्यासाठीही असू शकते, असं त्या म्हणायच्या.

"नाव काय तुमचं?"

"मृण्मयी."

"लिहून दाखवा." त्यांनी खडू पुढे केला.

मी 'म'ला ऋकार दिला आणि मग अडले. पुढचं जोडाक्षर कसं काढायचं ते मला आठवेना. वर्गात हळूहळू हसू पसरलं.

"माध्यम?"

"इंग्लिश."

"आईवडिलांनी नाव ठेवलं तेव्हा शाळा ठरली नव्हती वाटतं." मग त्यांनी बोटाने एक जागा दाखवली. "पी-सत्तेचाळीसमध्ये बसा. भिंतीला टेकू नका, रंग ओला आहे."

वाहनतळात गाड्यांसाठी पांढरे पट्टे आणि आकडे आधीच रंगवले होते. बाईंनी त्यांचेच वर्ग केले होते. पी-सदतीसमध्ये अक्षरओळख नसलेली, पी-एक्केचाळीसमध्ये अक्षरं येणारी पण शब्द न येणारी, पी-सत्तेचाळीसमध्ये जोडाक्षरवाली. मूल पुढे गेलं की उठून पुढच्या गाडीच्या जागेत जाऊन बसायचं. नोकरीचा सगळा काळ मी पी-सत्तेचाळीसमध्येच काढला. मांडीवर लॅपटॉप असायचा, पण दिवसातून एकदा बाई माझ्याकडूनही एक उतारा वाचून घेत. मला मराठी वाचता येत होतं, फक्त वाचताना ओठ हलायचे. शेजारच्या मुलांचेही हलायचे. "ओठ मिटून वाचायचं," बाई आम्हा सर्वांना एकदमच सांगत. "कुणाची चहाडी केल्यासारखं पुटपुटू नका."

पण मला बाईंबद्दल सांगायचं आहे ते त्यांच्या चिठ्ठ्यांमुळे.

साइटवरची कुटुंबं कधी हलतील ते कुणालाच ठाऊक नसे. मुकादम सांगेल त्या दिवशी बोचकी बांधायची आणि टेम्पोत बसायचं. मुलांना शाळेत येऊन निरोप घेण्याइतकी सवड नसे, आणि बहुतेकांना आपण कुठे जाणार तेही माहीत नसे. पुढच्या साइटवर शाळा असलीच, तर तिथल्या बाई पुन्हा 'अ'पासून सुरुवात करत. मूल काही महिने शिकलेलं असे, पण तसं सांगणार कोण? त्यावर बाईंनी स्वतःचा उपाय काढला होता. मूल वर्गात आलं की पहिल्याच आठवड्यात त्या त्याची चिठ्ठी तयार करत, प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच्या दप्तराला आतून सुईदोऱ्याने टाचत. दर शनिवारी पाकिटं गोळा व्हायची, प्रत्येक चिठ्ठीत एक-दोन ओळी वाढायच्या, आणि ती पुन्हा दप्तरात जायची. मूल कधीही हललं तरी चिठ्ठी त्याच्यासोबत हलणार.

चिठ्ठ्यांसाठी कागद म्हणजे लग्नपत्रिका. बाई सगळ्या विश्रांतवाडीतून जुन्या पत्रिका गोळा करत. आतली कोरी बाजू जाड, गुळगुळीत, आणि दोन पावसाळे टिकणारी. छत्तीसगडचं एखादं पोर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं मागे छापलेली चिठ्ठी घेऊन सुरतेला जायचं.

"तिथल्या बाईंना वाटेल, लग्नाचं आमंत्रण आहे," मी एकदा धीर करून म्हणाले.

"आहेर घेऊन आल्या तर बरंच," बाई म्हणाल्या. "मुलाला एक पाटी मिळेल."

चिठ्ठ्यांतला मजकूर मात्र मी आजवर वाचलेल्या कुठल्याही अहवालासारखा नव्हता. 'डावखुरा आहे. हात बदलू नये.' 'शंभरपर्यंत अंक पाठ आहेत, पण समोर आठ खडे ठेवले तर मोजत नाही. पाठांतराला भुलू नये.' 'बोलत नाही. बहिरा नाही, मी तपासलं आहे. पहिल्या बाकावर बसवावं आणि प्रश्न विचारू नये.' 'रडते तेव्हा विचारू नये, भूक असते.' खाली पूर्ण सही, 'विमल ओव्हाळ, शिक्षिका, निवृत्त', आणि फोन नंबर. नऊ वर्षांत त्या नंबरवर अशा कुठल्या तरी दुसऱ्या बाईंचे तीन फोन आले होते. तीनही फोनांबद्दल बाई बारकाईने सांगू शकत. बाकीच्या मुलांचं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या शाईने लिहीत, कारण पेन्सिलीचं लिहिलेलं प्लास्टिकमध्ये घासून पुसट होतं.

हे त्यांना सुचलं कुठून, ते मला फार उशिरा कळलं. एका दुपारी पाणी भरलं म्हणून वर्ग लवकर सुटला आणि मी बाईंना स्कूटरवरून घरी सोडलं. त्यांनी चहाला वर बोलावलं. दोन खोल्यांचं, अतिशय नीटनेटकं घर. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली पतीचा फोटो, आणि टेबलावर मुलाच्या कुटुंबाचा, मागे बर्फ असलेला. मुलगा जर्मनीत होता.

"किती वर्षं झाली?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"सहा. तोही हललाय." बाईंनी साखरेचा डबा पुढे सरकवला. "म्हणतो, आई, तू इकडेच ये. मी म्हटलं, येते, पण तुमच्याकडच्या बाईंना माझी चिठ्ठी कोण लिहून देणार? म्हातारीला अमुक येतं, तमुक येत नाही, रडली तर विचारू नये."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग चहा गाळता गाळता त्यांनी सांगितलं, की त्यांचे वडील कालव्याच्या खोदकामावर होते. चार वर्षांत तीन गावं झाली. "प्रत्येक शाळेत मला पहिलीत बसवलं. 'अ' मी तीन वेळा शिकले. तिसऱ्या वेळेला गुरुजींना म्हटलं, मला येतं. ते म्हणाले, कशावरून?" बाईंनी गाळणी झटकली. "आता कशावरून ते मी काय सांगणार होते. आठ वर्षांची होते."

गंगासागर आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची असावी. नांदेडकडची. कडेवर बालाजी नावाचा धाकटा भाऊ, आणि नजर सतत त्याच्यावर. घरी तिला गंगी म्हणत. बाई हजेरीत, फळ्यावर, हाक मारताना, सगळीकडे पूर्ण गंगासागर म्हणत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ओळीला दिलेल्या खडूंतले दोन-दोन कमी होऊ लागले. बाईंनी लक्ष ठेवलं आणि गंगासागरच्या मुठीत खडू सापडला. त्या शनिवारी तिच्या चिठ्ठीत ओळी आल्या: 'वय नऊ असावे. अक्षरओळख शून्य. बुद्धी बेताची. भावाला आणते, बसू द्यावे. वस्तू उचलते, लक्ष ठेवावे. फार अपेक्षा ठेवू नये.'

मी त्या संगणकात भरल्या. इंग्रजी अहवालात 'वस्तू उचलते' या शब्दांसाठी रकाना नव्हता, तेव्हा मी सरळ चोरी या अर्थाचा शब्द टाइप केला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी कळलं, की पोरगी खडू खाते. बाईंनी तिला रागावलं नाही. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणल्या आणि रोज दुपारी गूळ-शेंगदाणे तिच्या हातावर ठेवू लागल्या. खडू कमी होणं थांबलं. बाईंनी चिठ्ठीत लिहिलं, 'अंगात रक्त कमी आहे, गूळ द्यावा.' वरची ओळ शाईतली होती, ती तशीच राहिली.

एरवी मुलं तीन-चार महिन्यांत हलत. पण आमच्या इमारतीच्या परवानगीचं काहीतरी अडलं, काम थंडावलं, आणि मोजकीच कुटुंबं साइटवर राहिली. गंगासागरचं त्यातलं एक. ती दीड वर्ष राहिली. बाईंच्या या शाळेतली ती सर्वांत जास्त काळ टिकलेली विद्यार्थिनी. ती पी-सदतीसमधून एक्केचाळीसमध्ये आणि तिथून सत्तेचाळीसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. तिची चिठ्ठी एका पत्रिकेत मावेना, म्हणून बाईंनी आणखी तीन पत्रिका स्टेपल केल्या. 'जोडाक्षरे येतात.' 'हातच्याची वजाबाकी एकदाच सांगितली.' 'इतरांना शिकवते, आणि चांगलं शिकवते.' बाई तिला कधी तोंडावर शाबासकी देत नसत. "बरं आहे," एवढंच. कौतुक ते सगळं चिठ्ठीत.

आणि या मुलीच्या बाबतीत बाईंनी पहिल्यांदाच एक गोष्ट मनावर घेतली. ही हलू नये. हडपसरकडे मुलींचं एक वसतिगृह होतं, शेजारीच शाळा. तिथे पाचवीसाठी जागा होती. आईवडील हलोत कुठेही, पोर दहावीपर्यंत एका ठिकाणी राहील. बाई चार वेळा तिथे जाऊन आल्या, फॉर्म आणला, कागद जमवले. राहिली फक्त घरच्यांची परवानगी.

त्यासाठी एका रविवारी त्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे निघाल्या. मला सोबत घेतलं. "तुम्ही बोलू नका," म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला त्रास नाही. फक्त बसा. शिकलेलं माणूस गप्प बसलं की वजन पडतं."

गंगासागरची आई भाकऱ्या करत होती.

"बाई, ही तिकडं राह्यली तर ह्याला कोन बघन?" तिने बालाजीकडे मान केली. "म्या पाट्या उचलू का ह्याला उचलू?"

"पुढच्या साइटवर पाळणाघर आहे का, ते मी चौकशी करून सांगते."

"मुकादम सांगल तितं जायाचं. पाळना हाय का बघून जातंय का कुनी?"

बाईंनी पर्स उचलली. त्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात आईनेच विचारलं, "हिला वाचता येतंय म्हन्ता, ते खरं हाय का?" आणि ट्रंकेच्या तळातून एक घडी पडलेलं कार्ड काढून मुलीपुढे टाकलं. बालाजीच्या लसींचं कार्ड होतं ते.

गंगासागर ते वाचू लागली. भावाचं नाव, आईचं नाव, दिलेल्या लसी. मग थांबली. "आई, एक सुई राह्यली. पाच म्हैने झाले."

चुलीवरची भाकरी करपली तरी आईचा हात हलला नाही. "मला वाटलं, समद्या झाल्या," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने भाकरी उलटली. "जाऊ द्या हिला. ह्याचं काय व्हईल ते व्हईल."

परतताना उताराशी बाई थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सोमवार सोडून पुढच्या सोमवारी नेऊ. तोवर कुणाला सांगू नका." मी कुणाला सांगणार होते? पण बाईंचा चेहरा तसा मी पूर्वी पाहिला नव्हता, म्हणून मी नुसतीच मान हलवली.

नेण्याच्या आधीचा तो शनिवार. बाईंनी पाकिटं गोळा केली, ओळी लिहिल्या, परत वाटली. गंगासागरच्या चिठ्ठीत त्यांनी शेवटी लिहिलं, 'उत्तम वाचते.' तिला काय वाटलं कोण जाणे, आपली चिठ्ठी तिने पाकिटातून बाहेर काढली. मूल स्वतःची चिठ्ठी काढून बघतंय, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. काढून करणार काय? हाताने लिहिलेलं सलग वाचता येईपर्यंत सहसा कुणी टिकतच नसे. ती वरच्या पहिल्या पत्रिकेपासून वाचायला लागली. मी शेजारीच होते. तिचे ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले, आणि ती तशीच कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, जमलं हिला, ओठ मिटून वाचायला जमलं. मला आनंदच झाला. मी माझ्या टायपिंगकडे वळले. थोड्या वेळाने तिने चिठ्ठीची घडी घातली, बालाजीला उचललं आणि उतार चढून निघून गेली.

सोमवारी बाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून आल्या. गंगासागर आली नाही. अर्धा तास वाट पाहून आम्ही खोलीवर गेलो. ती उंबऱ्यात बसली होती. वेणी घातलेली नव्हती.

"चल, उशीर होतोय," बाई म्हणाल्या.

"म्या नाई येत."

"का?"

तिने चिठ्ठी पुढे धरली. "तितल्या बाईबी हे वाचतील."

बाईंनी चिठ्ठी घेतली आणि वाचली. स्वतःच्याच अक्षरातल्या सहा ओळी वाचायला त्यांना इतका वेळ लागला, की आतून वडील बाहेर येऊन उभे राहिले.

"हे पहिल्या आठवड्यातलं आहे, गंगासागर. तू खडू खातेस हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खाली बघ, मी काय काय लिहिलंय."

"खालचं वाचलं. आदी वरचं वाचलं."

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि 'वस्तू उचलते' या ओळीवर आडवी रेघ मारली. मग आणखी एक.

"खोडलं तरी दिसतंय," गंगासागर म्हणाली.

"नवीन लिहून देते. इथेच बसून देते."

मुलीने मान हलवली. ती रडत नव्हती. "तुमी मला रोज वाचाय शिकवलं," ती म्हणाली, "अन् हे रोज माज्याच पाठीवर हुतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक इंजिनिअरला, मुकादमाला, संस्थेच्या संचालकांना द्यायला काही ना काही उत्तर तयार असे. त्या वेळी हेल्मेट पुढे झुकलेलं होतं आणि ते मागे सारायचंही त्यांना सुचलं नाही.

"पोरगीच नाई म्हनतीया बाई," वडील म्हणाले. "आमी काय करावं?" त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"ती शाळेला नाही म्हणत नाहीये, मारोतीराव. चूक माझी आहे. तिची शिक्षा तिला देऊ नका."

"शिक्षा कशाची? आमच्यासंगं राहील." ते आत वळले. गंगासागरने एकदा आईकडे पाहिलं. आईने बाईंकडे पाहिलं, आणि मग ती बालाजीच्या नाकाला पदर लावत बसली.

वसतिगृहाने गुरुवारपर्यंत जागा राखून ठेवायचं कबूल केलं. मंगळवारी बाई वर्गाआधी आणि वर्गानंतर, दोनदा खोलीवर जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. बुधवारी हजेरीत तिचं नाव आलं. उत्तर आलं नाही. बाईंनी उताराकडे पाहिलं. शेजारच्या मुलाने न विचारताच सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पुढचं नाव घेतलं. गंगासागरच्या नावापुढची जागा कोरी राहिली.

चिठ्ठी बाईंकडेच राहिली होती, आणि तिच्यावर असलेला बाईंचा नंबरही. वडिलांचा फोन लागेना. मुकादमाने तळेगाव सांगितलं, दुसऱ्या कुणी वाघोली, तिसऱ्याने सांगितलं, टेम्पो नगर रस्त्याला लागला होता, एवढंच पाहिलं.

त्या आठवड्यात एका दुपारी डबा खाताना बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं मी मुलांना वाचायला शिकवते आहे. यांना खरोखर वाचता येईल, हे काही मी धरून चालले नव्हते." आणि पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

त्या शनिवारी गंगासागरचे ओठ थांबलेले मी पाहिले होते, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. त्याच दिवशी कळलं असतं तर रविवारचा एक दिवस हाताशी होता. मी पुष्कळदा मनात वाक्य जुळवलं. सांगितलं नाही.

त्यानंतर बाईंनी पद्धत बदलली. चिठ्ठी लिहायच्या, पण मुलाला समोर बसवून, एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवत. "'रागीट आहे' असं लिहू का?" "नका लिहू." "मग काय लिहू?" "लवकर शांत बी होतो, ते लिवा." मग बाई तसं लिहीत. त्याला फार वेळ लागायचा. शनिवार पुरेनासा झाला, तेव्हा शुक्रवारही त्यात जाऊ लागला, आणि अहवालात दाखवायला शिकवण्याचे तास कमी दिसू लागले. संस्थेने त्याबद्दल विचारलं. बाईंनी उत्तर पाठवलं, मीच ते इंग्रजीत केलं: विद्यार्थ्यांच्या माहितीची विद्यार्थ्यांकडून खातरजमा करून घेण्याचे काम सुरू आहे.

रविवारी त्या घरी नसतात, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं. एकदा त्याने वर्गाच्या फोनवर फोन केला, तो मी उचलला. आई रविवारी कधीच उचलत नाही, तिची तब्येत बरी आहे ना, असं विचारत होता. मी म्हटलं, बरी आहे. रविवारी ती कुठे असते, असं त्याने विचारलं, तर मी माहीत नाही म्हणाले. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. खराडीच्या एका कंपनीत इंग्रजी मजकूर लिहायचं काम मिळालं. निघताना बाईंनी मला चिठ्ठी वगैरे दिली नाही. फळ्यावर माझं नाव लिहायला लावलं, ते बरोबर आलं, आणि "बरं आहे" म्हणाल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दीड वर्षानंतर, एका रविवारी. आमच्या टीमचं जेवण होतं, आम्ही चौघं गाडीतून वाघोलीकडे चाललो होतो. डाव्या हाताला एका नव्या टॉवरचं काम चालू होतं आणि रस्ता तुंबला होता. साइटच्या फाटकाशी सुती साडीतली एक बुटकी बाई रखवालदाराशी बोलत होती. पांढरे बूट धुळीने तांबूस झालेले. हेल्मेट नव्हतं, त्यामुळे ओळखायला मला एक क्षण लागला. केस बरेच पांढरे झाले होते.

काच बंद होती, ऐकू काही येत नव्हतं. रखवालदार नकाराची मान हलवत होता. बाईंनी पुन्हा काहीतरी सांगितलं. त्यांच्या ओठांवरून मला तेवढं कळलं, त्या पूर्ण नाव सांगत होत्या, एकेक अक्षर सुटं करून. त्याने काहीतरी विचारलं. केवढी आहे, असं असावं. बाईंनी हात उताणा न धरता पालथा धरला, आपल्या कमरेच्या थोडा वर, आपण मुलांची उंची दाखवतो तसा.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. शेजारची मुलगी म्हणाली, "काय गं, उतरतेस?" मी म्हटलं, "नाही, असंच." पुढची गाडी हलली.

बाई त्या पालथ्या हाताकडे बघत होत्या. मनात काही हिशेब करत असाव्यात. मग त्यांनी तो हात हळूच वर नेला, खांद्यापर्यंत, आणि तिथे धरून ठेवला.